पालथे हात

रविवार, ७ सप्टेंबर

आज प्रभुभोजनाचा रविवार. मी आजही हात पालथे ठेवले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी ही वही हातात दिली. म्हणाले, तोंडाने प्रार्थना होत नसेल तर मनात येईल ते लिहीत चला. मन उपासनेला तयार करायचं तर आधी आत काय पडलंय ते दिसायला हवं. मी म्हटलं, साहेब, मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. ते म्हणाले, देव शुद्धलेखन तपासत नाही.

तर लिहितो. सूनबाई वाचणार नाही, ती तशी नाही. आक्का मात्र वाचेल. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. म्हणून वही गादीखाली.

आमच्या चर्चच्या मंडळीची रीत अशी. पाळकसाहेब द्राक्षरसाचा प्याला फक्त पहिल्या बाकावरच्या पहिल्या माणसाला देतात. पुढे तो हातोहात जातो. आपण घ्यायचा, शेजाऱ्याला द्यायचा आणि म्हणायचं, ‘तुमच्यासाठी.’ ज्याच्या मनात कुणाविषयी अढी आहे, किंवा आपल्याविषयी कुणाच्या मनात अढी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आधी जाऊन ती मिटवायची. मिटली नसेल तर तळवे गुडघ्यांवर पालथे टाकून बसायचं. मग शेजारचा आपल्या पुढून हात लांबवून प्याला पलीकडे देतो. का, ते कुणी विचारत नाही. पण बघतात सगळे.

येत्या महिन्यात माझ्या मुलाला जाऊन वर्ष होईल. तेव्हापासून माझे हात पालथे आहेत. पुढच्या महिन्यातल्या प्रभुभोजनाला त्याची आठवण करणार आहेत. सूनबाईची इच्छा आहे की त्या दिवशी तरी मी प्याला घ्यावा. माझीही आहे. डॉक्टर छातीवर नळी ठेवून गप्प होतात, ते मला कळतं. हात पालथे ठेवूनच मेलो तर पुढे काय, या विचाराने जेवण जात नाही.

पण तो शेवटच्या बाकावर बसतो. क्रेनवाला. त्याच प्याल्यातून तोही पिणार का?

आजही पाहिलं, त्याचेही हात पालथे होते. चोराच्या मनात चांदणं.

सोमवार, ८ सप्टेंबर

जे झालं तेच आधी लिहावं म्हणतो.

मी जन्मभर दगडाच्या यार्डात क्रेनच्या हुकाला माल बांधला. ठोकळ्याला पट्टे घालायचे, पट्ट्यांची कडी हुकात अडकवायची, बाजूला व्हायचं, वर बसलेल्या क्रेनवाल्याला हात दाखवायचा. मुलानेही तेच काम धरलं. मीच शिकवलं. हुकाच्या तोंडावर स्प्रिंगची एक पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. कडं आत गेलं की जीभ मिटते. कडं काढताना दर वेळी ती अंगठ्याने दाबून धरावी लागते. हातमोजा घातला की अंगठा सरकतो, वेळ जातो, वरचा शिव्या देतो. म्हणून मी ती तारेने मागे बांधून ठेवायचो. मग कडं एका हाताने आत, एका हाताने बाहेर. दुसरा माणूस दोन ठोकळे लावतो तोवर माझे तीन लागलेले असत. यार्डाचे साहेब फेरीला आले की तार काढून खिशात, गेले की पुन्हा हुकाला. माझ्या हातचं कडं जन्मात कधी निसटलं नाही. मुलाने ही युक्ती पहिल्याच आठवड्यात उचलली. बापसे बेटा सवाई, असं सगळे म्हणायचे.

त्या दिवशी क्रेनवाल्याने ठोकळा ढिगावर टेकवताना झटका दिला. पट्टा सैल पडला, कडं हुकातून सुटलं, ठोकळा घसरला. माझा मुलगा खाली होता.

ही मी रचलेली गोष्ट नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा तो स्वतःच म्हणाला, माझ्या हातून झटका बसला. त्याला क्रेनवरून उतरवलं. आता तो यार्डात पाण्याची नळी धरून दगडांची धूळ धुतो आणि गेट उघडतो. चूक त्याची ठरली म्हणून सूनबाईला यार्डाच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. एवढं एकच बरं झालं.

लिहून छाती धडधडते आहे. तयारी म्हणतात ती हीच का?

बुधवार, १० सप्टेंबर

पाळकसाहेबांनी सांगितलंय, सकाळी चहाच्या आधी थोडा वेळ नुसतं गप्प बसायचं, देवासमोर, काही न मागता.

बसलो. आधी गुडघा. मग वाटलं, मागच्या दाराची कडी राहिली. उठून पाहिली, लावलेली होती. पुन्हा बसलो. शेजाऱ्याचं कुत्रं. मग मनात आलं, माझ्या अंत्यविधीला पुढच्या बाकांवर कोण कोण बसेल. मग दूध उतू गेल्याचा वास आला आणि आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली की देवाशी बोलणं झालं असेल तर फडकं घेऊन ये.

मन झाडून स्वच्छ करा, असं ते उपदेशात म्हणाले होते. मी खोली झाडली. तेवढं जमतं. कपाटाखाली मुलाचा एक हातमोजा सापडला, डाव्या हाताचा. अंगठ्याला झिजलेला नाही. तो जीभ बांधायचा, म्हणून.

रविवार, १४ सप्टेंबर

आज साधी उपासना, प्याला नव्हता. क्रेनवाला दिसू नये म्हणून मी खांबाच्या आड बसलो. दिसला नाही, पण खोकला ऐकू येत होता. धूळ छातीत गेलेल्याचा खोकला. मी गाणं जोरात म्हटलं, तरी मधल्या जागेत तो यायचाच.

बाहेर पडताना पाहिलं तर सूनबाई त्याच्याशी बोलत उभी. यार्डाच्या गेटवरही बोलते, हे मला दुसऱ्यांकडून कळलेलं आहे. ज्याच्या हातून नवरा गेला त्याच्याशी असं काय बोलायचं असतं? घरी आल्यावर मी तेच म्हटलं. ती म्हणाली की त्यांच्या खोकल्याचं विचारत होते. मग ताटं घ्यायला आत गेली.

आक्का म्हणाली, ‘वर्षभर दर रविवारी वचन ऐकतोस. पालथ्या घड्यावर पाणी.’

मी म्हटलं, तुझा मुलगा गेला असता तर कळलं असतं. तिला मूल नाही. मग ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मी तेही या वहीत लिहितो आहे, कारण सगळं लिहायला सांगितलंय.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज घरात एक विचित्र प्रकार झाला.

अंगणाच्या फाटकाची खिट्टी गंजली आहे. बाहेरून उघडताना अडकते. सूनबाईचे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले असतात, म्हणून मी ती तारेने मागे बांधून टाकली. माझा जुना बांध, तीन वेढे आणि तारेचं शेपूट आत वळवलेलं. फाटक नुसतं ढकललं की उघडतं. वाटलं, खूश होईल.

ती आली, फाटक ढकललं आणि तिथेच थांबली. त्या बांधाकडे पाहत राहिली. मग पिशव्या रस्त्यावरच ठेवून आत आली, पक्कड घेतली, तार तोडली आणि गटारात फेकली. मी म्हटलं, अगं, तुझ्याचसाठी केलं. तिचा आवाज चढला नाही. पण म्हणाली, ‘बाबा, या घरात पुन्हा कशालाही अशी तार बांधायची नाही.’

कांदे रस्त्यावर घरंगळत गेले. मी आणि आक्काने वेचले.

एवढ्याशा तारेसाठी एवढं? आक्काला विचारलं, तर ती म्हणाली, तिचं मन ठिकाणावर नाही, तू गप्प बस. नवऱ्याचं वर्ष जवळ आलंय, त्याचंच असणार. बाईमाणसाचं दुःख कुठून उसळेल, सांगता येत नाही.

खिट्टी अजून अडकतेच आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

आज ठरलं. मी त्याला क्षमा करणार.

पाळकसाहेब क्षमेवर बोलले आणि मला एकदम वाटलं की हे माझ्यासाठीच आहे. डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या शिंप्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, मग त्याच्या बायकोला, मग पेटी वाजवणाऱ्याला. सगळे म्हणाले, मोठं मन आहे तुमचं. पेटीवाला म्हणाला, तुमच्या जागी मी असतो तर मला नसतं जमलं. घरी येईपर्यंत पायही दुखले नाहीत.

आक्का म्हणाली, ‘माफ करायला निघालायस की मिरवायला?’

सूनबाईला आनंद होईल असं वाटलं होतं. ती उभी होती ती बसली. म्हणाली, त्यांच्या खोलीवर जाऊ नका, मी निरोप सांगते. मी म्हटलं, निरोपाने क्षमा होत नाही, समोरासमोर करायची असते. तिने टेबलावरच्या कापडाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, जा, पण बोलून लगेच या, काही विचारत बसू नका.

मला काय विचारायचंय? विचारण्यासारखं सगळं साहेबांनी तेव्हाच विचारलंय.

शनिवार, २७ सप्टेंबर

जाऊन आलो.

सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. क्रेनवाला यार्डाच्या मागच्या चाळीत राहतो, जिना लोखंडी, कठडा हलतो. दोनदा वाटेत बसलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

एकटाच राहतो. खोलीत एक खाट, एक खुर्ची, स्टोव्ह. रबरी बूट दारात वाळत ठेवलेले. मला पाहून तो असा उठला की खुर्चीच पडली. मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेला बसला, शाळेतला मुलगा बसतो तसा. पन्नाशीचा माणूस. हात पाण्याने पांढरे पडलेत, बोटांच्या सांध्यांना चिरा. पूर्वी त्याचे हात तेलकट असायचे.

मी बोललो. म्हटलं, तू माझा एकुलता एक मुलगा माझ्यापासून हिरावलास, वर्षभर मी जळलो, पण प्रभूने मला क्षमा केली तशी मी तुला करतो, यापुढे माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. बोलताना माझा आवाज भरून आला. चांगलं बोललो असं मला वाटलं.

तो खाली बघत होता. म्हणाला, ‘बरं, काका.’

एवढंच. मी वाट पाहिली. मला वाटलं रडेल, पाया पडेल. मग मीच म्हटलं, विचारायचं नव्हतं तरी, ‘पण झटका का दिलास रे? तुझा हात तर एवढा हलका होता.’

तो म्हणाला, ‘बसला.’

मग त्याने चहा टाकला. तो पाठमोरा असताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. क्रूस आहे, साधा, लाकडी. त्याच्या खालच्या खिळ्याला तारेचा एक वेढा अडकवलेला. गंजलेला, वाकलेला. तीन वेढे, शेपूट आत वळवलेलं. माझाच बांध. मी विचारलं, हे रे काय? तो वळला, आणि मी कुठे बघतोय ते पाहून त्याने स्टोव्ह तसाच सोडला, पुढे येऊन तार खिळ्यावरून काढली आणि खिशात टाकली. म्हणाला, काही नाही, तार आहे.

मुलाकडून शिकला असेल. दोघे एकाच पाळीत होते. पण शिकलेला बांध कुणी क्रूसाखाली टांगून ठेवतो का? हे क्रेनवाले सगळे थोडे चक्रमच असतात, वर एकटे बसून बसून.

निघताना त्याने विचारलं, ‘काका, पुढच्या रविवारी तुम्ही प्याला घेणार?’

म्हटलं, हो.

‘मग मीही घेईन,’ म्हणाला.

जिना उतरेपर्यंत तो माझ्या दंडाला धरून होता. मी नको म्हटलं नाही. क्षमा केल्यावर नको कसं म्हणायचं.

सोमवार, २९ सप्टेंबर

मन हलकं व्हायला हवं होतं. नाही झालं.

सकाळी गप्प बसलो तर देवाऐवजी ती तार डोळ्यांपुढे. बांध कुणाचा हे ओळखायला मला चष्मा लागत नाही. आपलं अक्षर आपण ओळखतो तसं आहे ते. मुलगा बांधायचा तेव्हा त्याचं शेपूट जरा लांब राहायचं, मी त्याला किती वेळा सांगितलं की आखूड तोड. खिळ्यावरच्या तारेचं शेपूट लांब होतं.

म्हणजे ती मुलाने बांधलेली. मग याच्याकडे कशी?

आठवण म्हणून ठेवली असेल. होय, तेच. आठवण म्हणून.

आक्का म्हणते तोंड उतरलंय, डॉक्टरकडे चल. डॉक्टर याला काय करणार?

बुधवार, १ ऑक्टोबर

संध्याकाळी सूनबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आक्का शेजारी गेली होती. मी विचारलं, ‘त्या दिवशी हुकाची जीभ बांधलेली होती का?’

तिने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. म्हणाली, ‘बाबा, मी तुम्हाला तिकडे जाऊ नका म्हटलं होतं.’

‘होती का?’

‘होती.’

मग तिने सगळं सांगितलं. तिचा आवाज रोजचाच होता, बाजाराचा हिशोब सांगावा तसा. झटका बसलाच नव्हता. ठोकळा टेकला, पट्टा सैल पडला. पट्टा रोजच सैल पडतो. जीभ मिटलेली असती तर कडं हुकातच राहिलं असतं. क्रेनवाला खाली उतरून धावला, दगड हाताने हलवायला गेला, त्यात त्याची नखं गेली. मुलगा संपला होता. मग लांबून साहेब येताना दिसले, आणि त्याने वर पाहिलं, लोंबणारा हुक हाताने ओढून धरला आणि जिभेची तार काढून खिशात टाकली. त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने तिला सगळं सांगितलं. म्हणाला, तार सापडली असती तर मेलेल्याचीच चूक ठरली असती, आणि मग हे शिकवलं कुणी, तेही निघालं असतं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

ती म्हणाली, ‘ते म्हणाले, म्हाताऱ्याचा मुलगा गेलाय. राग धरायला तरी कुणी असू दे.’

मी विचारलं, तू माझ्यावर रागावली नाहीस? तिने घड्या एकावर एक रचल्या. म्हणाली, रागावले होते. मग तुमचे पाय सुजले, मग औषधं आणायची होती, मग ते राहून गेलं.

माझे सदरे तिने वेगळे काढले आणि माझ्या खाटेवर ठेवले.

गुरुवार, २ ऑक्टोबर

काही नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

संध्याकाळी तयारीची उपासना होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी असते. बत्त्या मंद करतात, प्रत्येकाने आपलं मन आपण तपासायचं. पाळकसाहेब माझ्याकडे पाहून हसले. त्यांना शिंप्याने सांगितलं असणार, म्हाताऱ्याने क्षमा केली म्हणून. पेटीवाल्याने सरकून मला पुढे जागा दिली.

मी महिनाभर मन झाडत होतो. दुसऱ्याची चूक बाहेर काढायची म्हणून झाडत होतो. त्या खोलीत खुर्चीवर बसून त्याला म्हणालो, मी तुला क्षमा करतो. तो म्हणाला, बरं, काका.

उपासनेतून उठलो आणि चाळीपर्यंत गेलो. जिन्याखाली उभा राहिलो. वर दिवा होता, खोकलाही ऐकू येत होता. काय म्हणणार होतो? क्षमा करायला गेलो तेव्हा पाठ करून गेलो होतो. हे पाठ कसं करायचं ते मला माहीत नाही. कठड्याला हात लावला तर तो हलला, आवाज झाला, आणि मी चोरासारखा परत फिरलो.

उद्या हात पालथेच ठेवणार. आता तर खरं कारण आहे. वर्षभर खोट्या कारणासाठी ठेवले.

रविवार, ५ ऑक्टोबर

पुढची जागा सोडून मी शेवटच्या बाकावर गेलो. तो भिंतीकडे सरकला, मला जागा दिली. सूनबाईने पुढून वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं.

मुलाचं नाव घेतलं. सगळे उभे राहिले. मीही राहिलो, बाकाला धरून. शेजारी तो उभा होता. मुलाला शेवटचं जिवंत पाहिलेला माणूस.

मग प्याला निघाला. पुढच्या बाकांवरून ‘तुमच्यासाठी, तुमच्यासाठी’ असं पुटपुटणं जवळ येऊ लागलं. शेवटच्या बाकावर प्याला भिंतीकडून येतो, म्हणजे आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी तळवे गुडघ्यांवर पालथे टाकले.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. आणि त्याने आपलेही पालथे टाकले.

तेव्हा मला कळलं. वर्षभर मी त्याला चोराच्या मनात चांदणं म्हणत होतो. त्याच्या मनात काहीच नव्हतं. माझ्या मनात त्याच्याविषयी अढी आहे हे त्याला ठाऊक होतं, एवढंच. आणि रीत सांगते की तेवढ्यानेही हात पालथे होतात. माझ्यापायी त्याची क्रेन गेली, आणि त्या प्याल्यापासूनही मीच त्याला अडवून ठेवलं होतं. आज पुन्हा अडवत होतो, मी पापी आहे असं म्हणत.

पुढच्या बाकावरच्या बाईने वळून प्याला पुढे केला आणि त्याचे हात पाहून थबकली. ती आता त्याला सोडून प्याला माझ्याकडे करणार.

माझं मन तयार नव्हतं. हे मला नीट लिहून ठेवायचंय. हलकं झालं नव्हतं, स्वच्छ नव्हतं, मुलगा तिथेच दगडाखाली होता आणि त्याला तिथे मी घातलेलं होतं. मी हात उताणे केले.

त्याने पाहिलं. मग त्याचेही वळले, पांढरे, चिरा पडलेले. त्याने प्याला घेतला, प्यायला आणि माझ्याकडे केला.

‘काका, तुमच्यासाठी.’

माझे हात इतके थरथरत होते की प्याला धरवेना. त्याने सोडला नाही. खालून धरून ठेवला, मी पिईपर्यंत. चांगला क्रेनवाला असाच असतो, माल नीट टेकेपर्यंत दांड्यावरचा हात काढत नाही. मला पुढच्याला प्याला द्यायचा होता, पण माझ्यापुढे कुणी नव्हतं, बाक संपला होता. तो प्याला पाळकसाहेबांनी येऊन नेला.

बाहेर सगळे माझा हात हातात घेत होते. शिंपी म्हणाला, आज तुमच्याकडून शिकलो. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पाळकसाहेबांना मंगळवारी सांगणार आहे, आणि मग सगळ्यांसमोर, त्यांनी बोलू दिलं तर. यार्डाच्या साहेबांचं कसं करायचं ते सूनबाईला विचारल्याशिवाय ठरवणार नाही, कारण नोकरी तिची आहे. आक्काला दुपारीच सांगितलं. तिने एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

त्याआधी, चर्चच्या गेटपाशी मी त्याला गाठलं. पाठ केलेलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, ‘ती तार दे.’

त्याने सूनबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतः मिटवली.

आता ती इथे वहीवर आहे. गंजाचा डाग कागदावर उतरलाय. तीन वेढे. शेपूट जरा लांब, पण आत वळवलेलं, मी शिकवलं होतं तसं. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.